विंचुर्णीचा दर्यावर्दी : व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी

निराकाठ (धागा)

आमच्या बाबांकडे एक टॉर्च होता. तीन सेलचा, पत्र्याचा, पुढची काच एका बाजूला तडकलेली. उन्हाळ्यात वीज गेली की ते आमच्या गच्चीवर आणि मी समोर चुलत्यांच्या माडीवर, हातात छोटा टॉर्च घेऊन. ते उजेडाची उघडझाप करून माझं नाव पाठवायचे, मग "जेवलीस का", मग आणखी काहीबाही. मला त्यातली चारसहा अक्षरंच ओळखू यायची. पण एक नियम पक्का होता. ते थांबले की मी माझ्या टॉर्चचं बटण एकदाच, जरा वेळ दाबून धरायचं आणि सोडायचं. तसं केलं नाही तर ते पुढे जायचेच नाहीत, तोच शब्द पुन्हा. असं का, ते मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

बाबा १९६८ ते १९८३ नौदलात सिग्नल शाखेत नाविक होते. फलटण तालुक्यातला, विहिरीत पोहायला शिकलेला पोरगा. त्यांच्या ट्रंकेत परवा वर्तमानपत्राचं एक कात्रण सापडलं, घडीवर फाटायला आलेलं. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांच्यावरचं. ते वाचलं आणि या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं. ४ नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

आवटी १९२७ साली ७ सप्टेंबरला सुरतेत जन्मले. शिक्षण 'डफरिन'वर. मुंबईत माझगावला नांगरून ठेवलेलं हे प्रशिक्षण जहाज, आगबोटींवरचे अधिकारी तयार करणारं. तिथून १९४५ मध्ये तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत. इंग्लंडात डार्टमथला प्रशिक्षण झालं, पुढे सिग्नल हीच त्यांची खास शाखा. 'बेतवा', 'तीर', 'मैसूर' अशा जहाजांची कमान त्यांनी सांभाळली. खडकवासल्याच्या एनडीएचे ते प्रमुख होते. १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता'चे कप्तान म्हणून वीरचक्र मिळालं. पश्चिम नौदल विभागाचे मुख्य ध्वजाधिकारी म्हणून १९८३ मध्ये निवृत्त झाले. लालसर दाढीचा, नजरेत भरणारा माणूस. मित्रांमध्ये 'मनो'.

इथवरचं कुठल्याही अ‍ॅडमिरलच्या परिचयात असतं, त्यामुळे भराभर सांगून टाकलं. मला बोलायचंय ते पुढचं. ३८ वर्षं नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर हा माणूस ३५ वर्षं जगला. राहिला कुठे, तर आमच्या फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला. मुंबईत कुलाब्याला नाही, गोव्यात नाही. विंचुर्णी म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. आमच्याकडे पाणी म्हटलं की नीरा उजवा कालवा, त्याचं आवर्तन कधी सुटणार एवढीच चर्चा.

आणि तिथे बसून या माणसाच्या डोक्यात घोळत होतं काय, तर एका भारतीयानं एकट्यानं, शिडाच्या बोटीतून, पृथ्वीला वळसा घालावा! बोट भारतात बांधलेली असावी. नौदलाकडे त्यांनी ही गोष्ट लावून धरली. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी "मी जातो" म्हणून हात वर केला, तेव्हा आवटींची ऐंशी जवळ आलेली. त्या वयात आपल्याकडे लोक वर्षभराच्या कामालाही हात घालत नाहीत.

१९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून 'म्हादेई' घेऊन निघाले. फ्रीमँटल, न्यूझीलंडचं लिटल्टन, फॉकलंडचं पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परत मुंबईत. पृथ्वीप्रदक्षिणा एकट्यानं पूर्ण करणारा पहिला भारतीय.

बाबांचं कात्रण त्याच सुमाराचं आहे. त्यांनी पेनानं एका ओळीखाली रेघ मारलीय, आवटी सिग्नल शाखेचे होते त्या ओळीखाली.

कुणाकडे आवटींबद्दल, त्या काळच्या जहाजांबद्दल, नौदलातल्या आपल्या माणसांबद्दल काही असेल तर लिहा.

---

गलबत

ताई, फार आतून लिहिलंय. 'कामोर्ता'बद्दल थोडी भर घालतो.

१९७१ मध्ये पूर्वेकडच्या ताफ्याचं काम होतं पूर्व पाकिस्तानची सागरी नाकेबंदी. चितगाव, कॉक्स बाजार, खुलना ही बंदरं बंद पाडायची, म्हणजे तिथल्या फौजेला समुद्रातून ना रसद मिळणार, ना पळून जाता येणार. ताफ्यात विमानवाहू 'विक्रांत' होती, पण तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता. म्हणून तिच्याभोवतीच्या छोट्या जहाजांवर पाणबुड्यांवर नजर ठेवायची जबाबदारी आली. 'कामोर्ता' त्यांतली एक, पाणबुडीविरोधी जहाज. 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी 'विक्रांत'च्याच शोधात आली होती आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमसमोर बुडाली. पण बंगालच्या उपसागरात गस्त घालणाऱ्यांनी पाणबुडी नाहीच असं धरून कसं चालायचं? सोनार म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र, त्यावर बसलेल्या नाविकाचे कान रात्रंदिवस पाण्याखाली.

आणि युद्धात वायरलेस शक्य तितकं बंद ठेवतात, कारण तुमचा आवाज शत्रूलाही ऐकू जातो. मग जहाजाजहाजांत बोलणं चालतं ते झेंड्यांनी आणि दिव्यांनी. तुमच्या बाबांसारख्या सिग्नलमनशिवाय ताफा मुका. हे लोकांना माहीतच नसतं.

---

चांदणवेल

छान धागा. एक शंका. पहिला भारतीय अभिलाष टॉमी ना? शाळेत मुलांच्या प्रश्नमंजूषेत तेच उत्तर होतं.

---

निराकाठ

@चांदणवेल, दोन वेगळे पराक्रम आहेत, हा गोंधळ नेहमी होतो. दोंदे हे एकट्यानं प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, पण वाटेत बंदरांना थांबून. त्या सफरीत किनाऱ्यावरून त्यांना मदत करणारे होते अभिलाष टॉमी. मग तीच 'म्हादेई' घेऊन टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता ३१ मार्च २०१३ ला परत आले. पाच महिने पायाला जमीन नाही. २६ जानेवारीला त्यांनी केप हॉर्न, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं टोक, ओलांडलं. तेव्हा न थांबता जाणारे पहिले भारतीय टॉमी. दोंदे यांना शौर्यचक्र मिळालं, टॉमी यांना कीर्तिचक्र.

प्रदक्षिणा कशाला म्हणायचं याचे नियमही कडक आहेत. जिथून निघालात तिथेच परत यायचं, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं पार करायची, सुएझ-पनामासारखा कालवा वापरायचा नाही, आणि कमीत कमी २१,६०० सागरी मैल कापायचे. हा आकडा कुठून आला ते कळल्यावर मला फार मजा वाटली. एक सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या घेराच्या एका अंशाचा साठावा भाग. ३६० गुणिले ६०.

---

मांडवीतीर

आमच्या गोव्याचा उल्लेख राहिला म्हणून लिहितोय. 'म्हादेई' आमच्या दिवाडी बेटावर बांधली. रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात. ५६ फूट लांबी, वजन साधारण २३ टन, आत लाकडाचा गाभा आणि दोन्ही अंगांनी फायबर. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. मांडवी नदीचं मूळ नाव म्हादई, आणि ती बोटीची देवी म्हणूनही आमच्याकडे मानतात.

फेरीबोटीतून दिवाडीला जाताना ती डोलकाठी लांबून दिसायची. पंचवीस मीटर उंच. माडांच्या वर गेलेली. पहिल्यांदा बघितली तेव्हा मोबाईलचा मनोराच वाटला होता, मग दोर दिसले.

माझं म्हणणं असं की आवटींची खरी पारख इथे दिसते. परदेशातून बोट विकत आणली असती तर दोन वर्षं वाचली असती. पण ते इथेच बांधण्यावर अडून राहिले, म्हणून नुसता नाविकच तयार झाला नाही, बोट बांधणाराही तयार झाला. त्याच यार्डातून पुढे 'तारिणी' आली. तिच्यातून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी, वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली, प्रदक्षिणा करून आल्या. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून निघाल्या, २१ मे २०१८ ला परत. आवटी तेव्हा हयात होते.

---

सोलापुरी_चादर

वाचतेय. एक वेडा प्रश्न विचारू का? आजच्या नौदलाला शिडाचा काय उपयोग? क्षेपणास्त्रांच्या काळात एवढा जीव धोक्यात घालायचा कशासाठी?

---

गलबत

प्रश्न वेडा मुळीच नाही, नौदलातही लोक विचारत आले आहेत.

माझं उत्तर असं. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभं राहिलं की समुद्र खाली साताठ मजल्यांवर असतो. काच, वातानुकूलन, पडद्यावर नकाशा. वारा किती, तर यंत्रावर आकडा. शिडाच्या बोटीत तोच वारा गालावर कळतो. तो दहा अंश फिरला की शीड फडफडतं, सुकाणू हातात जड होतं. लाट येण्याआधी तिची चाहूल लागते. हे अंगात मुरलेला अधिकारी उद्या युद्धनौकेवर गेला तरी समुद्राला गृहीत धरत नाही.

केप हॉर्न एवढं भयंकर का, तेही सांगतो. दक्षिणेकडे चाळीस-पन्नास अक्षांशांवर पृथ्वीभोवती जमीन जवळपास नाहीच. पश्चिमेचे वारे आणि लाटा फिरत राहतात, अडवायला कुणी नाही. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये मात्र ते सगळं पाणी सुमारे ८०० किलोमीटरच्या फटीतून जातं. तिथे एकटा माणूस, ५६ फुटी बोट, आणि झोप तुकड्यातुकड्यांनी.

---

पाचवी_लाट

माझे सासरे 'कामोर्ता'च्या भावंडांपैकी एका जहाजावर इंजिनरूममध्ये होते. रशियन बनावटीची 'पेत्या' वर्गाची जहाजं ती. नावं सगळी बेटांची, बहुतेक अंदमान-निकोबार-लक्षद्वीपच्या : कामोर्ता, कावरत्ती, कच्छल, अमिनी, अशी.

मामंजी सांगायचे, ही जहाजं थंड समुद्रासाठी केलेली. आपल्याकडच्या उकाड्यात मेस डेकवर झोपणं अशक्य. पत्रा हाताला चटका द्यायचा. मग सगळे गादीची वळकटी काखेत मारून वरच्या डेकवर, जागा मिळेल तिथे. पहाटे दव पडून अंग ओलं आणि मिठानं चिकट. खाऱ्या पाण्यात साधा साबण फेसच धरत नाही, तो नुसता अंगावर लोण्यासारखा फिरतो, हे ते दाखवून सांगायचे. घरी आयुष्यभर त्यांनी अंघोळीला एकच बादली घेतली. दुसरी दिली तर तशीच भरून ठेवायचे.

इंजिनरूमच्या आवाजानं कान गेले होते. आम्ही ओरडून बोलायचो आणि ते आमचे ओठ वाचायचे. जहाजावर सगळे तसंच बोलायचे म्हणे.

---

तळमजला

धागा चांगला आहे, आवटींबद्दल आदर आहे, पण मनातलं बोलतो. माझे आजोबा नाविक होते, अधिकारी नव्हते. स्मृतिदिन नेहमी अ‍ॅडमिरलांचेच होतात. ९ डिसेंबर १९७१ ला दीवसमोर 'खुकरी' बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ठाऊक असायलाच हवं. पण त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. त्या १७६ पैकी एकाचं तरी नाव इथे कुणाला सांगता येईल?

निदान एक नाव मी सांगतो. लीडिंग सीमन चमन सिंग. १० डिसेंबर १९७१, खुलन्याजवळ बोट बुडाली. स्वतः जखमी, तरी पाण्यातल्या साथीदारांना किनाऱ्याकडे नेलं. किनाऱ्यावर शत्रूचा गोळीबार. हा माणूस त्यांच्या रोखानं सरळ धावत गेला, म्हणून साथीदारांना निसटता आलं. तो पकडला गेला, बांगलादेश मुक्त झाल्यावर सुटला. महावीरचक्र मिळालं. शाळेच्या पुस्तकात मी हे कधी वाचलं नाही.

---

निराकाठ

@तळमजला, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. मीही एका नाविकाचीच मुलगी आहे. बाबा पेटी ऑफिसर होऊन निवृत्त झाले, त्यांच्यावर कुठलं कात्रण निघणार?

पण म्हणूनच मला आवटींचं निवृत्तीनंतरचं आयुष्य मोलाचं वाटतं. त्यांना हवं असतं तर सभासमारंभात खुर्ची मिळत राहिली असती. त्यांनी आपला सगळा वजनदारपणा दुसऱ्यांना समुद्रावर पाठवण्यात खर्च केला. प्रदक्षिणा केली दोंदेंनी, टॉमींनी, त्या सहा जणींनी. आवटी स्वतः त्या बोटीतून गेले नाहीत. जुन्या नोंदी आणि आठवणी हरवू नयेत म्हणून १९७८ मध्ये, नोकरीत असतानाच, त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली होती. समुद्रावरची साधी माणसं विसरली जातात याची खंत त्यामागेही असावी, असं मला वाटतं.

जंगल आणि वाघ हा त्यांचा दुसरा जिव्हाळ्याचा विषय, त्यावरही त्यांनी लिहिलंय.

तुमच्या आजोबांबद्दल लिहा ना. कुठल्या जहाजावर होते?

---

तळमजला

'राजपूत'वर काही काळ. गॅलीत स्वयंपाकी. दोनशेच्या वर माणसांच्या चपात्या, आणि जहाज डोलत असताना. तव्याला आणि पातेल्यांना अडवायला कडेनं लोखंडी पट्ट्या लावलेल्या असतात, तरी आमटी अर्धीच भरायची, नाहीतर पहिल्या हेलकाव्यात अंगावर. घरी आल्यावरही त्यांनी कधी पातेलं काठोकाठ भरलं नाही. आजी चिडायची, पाहुणे आले की दोनदा आमटी करावी लागायची.

बस एवढंच. बरं वाटलं लिहून.

---

चांदणवेल

आमटीचं वाचून डोळे भरून आले. पाचवी_लाट, तुमच्या मामंजींची बादली आणि ही आमटी. 🙏

---

उत्तरध्रुव

एक धागा जोडतो. एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा जगात पहिल्यांदा केली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, एप्रिल १९६९ मध्ये, ३१२ दिवसांत. त्यांची 'सुहैली' ही बोट मुंबईत बांधलेली, सागवानी! दोंदे जाण्याआधी याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून शिकून आले होते.

ते गेले होते ती १९६८ ची गोल्डन ग्लोब शर्यत. तिला २०१८ मध्ये ५० वर्षं झाली म्हणून ती पुन्हा जुन्याच पद्धतीनं घेतली. उपग्रहाची मदत नाही, सूर्यतारे बघून वाट काढायची. अभिलाष टॉमी 'सुहैली'च्याच बांधणीची 'थुरिया' घेऊन उतरले, तीही दांडेकरांनी गोव्यात बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला इजा झाली. हलता येत नव्हतं. तीन दिवस बंकवर पडून होते. २४ तारखेला 'ओसिरिस' या मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. आवटी गेले ते त्यानंतर सहा आठवड्यांनी. आपला माणूस वाचला, एवढं त्यांना कळलं असेल.

पुढचं त्यांनी बघायला हवं होतं. टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले.

---

पिवळा_रेनकोट

आणि त्यानंतर लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा, दोघीच 'तारिणी' घेऊन गेल्या. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५. माझी नववीतली मुलगी रोज नकाशावर टाचणी सरकवत होती.

---

जुना_सिग्नलमन

उशिरा बघतोय. ७४ वय, मोबाईलवर टंकायला वेळ लागतो, समजून घ्या.

निराकाठ बाळ, मीसुद्धा सिग्नलचा. तुझ्या बाबांच्या नंतर चारपाच वर्षांनी भरती झालो. कोचीला प्रशिक्षण. सकाळी परेड, मग दिवसभर झेंडे आणि दिवा. मोठा दिवा असतो त्याला झडपा असतात, हातानं उघडमीट करायची, खटक् खटक् असा आवाज. हातातला लहान दिवा निराळा, त्याला घोडा. थंडीत बोटं आखडायची. पावसात तर समोरचा उजेड पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो, तरी अक्षर सुटता कामा नये. एक अक्षर चुकलं तर ताफा भलतीकडे वळेल.

तुझ्या टॉर्चबद्दल. दिव्यानं निरोप देताना पाठवणारा एक शब्द पाठवतो आणि थांबतो. घेणाऱ्यानं तो शब्द वाचला की एक लांब उजेड द्यायचा. मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड उजेडाच्या लिपीत, ते टी अक्षर. त्याचा अर्थ, शब्द मिळाला. तो उजेड आला नाही तर पाठवणारा तोच शब्द पुन्हा पाठवतो. कितीही वेळा. उजेड येईपर्यंत.

तुझ्याकडून बाबांनी पद्धतशीर काम करून घेतलं. घरच्या पोरांना आम्ही सहसा एवढं शिकवत नाही, नुसती गंमत दाखवतो.

---

निराकाठ

काका, नमस्कार करते.

तुमचं वाचल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही. मला वाटायचं तो खेळाचा नियम आहे. चारच अक्षरं ओळखायची मी, बाकीचे शब्द मला कळायचेच नाहीत, तरी प्रत्येक वेळी बटण दाबून धरायची. म्हणजे दर वेळी बाबांना सांगत होते की शब्द मिळाला.

टॉर्च अजून आहे. सेल गंजून आत चिकटले होते, काल सुरीनं खरवडून काढले, नवे घातले. लागतो. काच तशीच तडकलेली, भिंतीवरच्या उजेडात एक काळी रेघ येते. माझ्या लेकीला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. ती खालच्या अंगणात जाऊन उभी राहिली, मी गच्चीत. तिचं नाव पाठवलं, मोबाईलवर मोर्सचा तक्ता बघत बघत, दोनदा चुकले. मग थांबले.

खालून उजेड आला. लांब.